सातानं दोन उरतात

त्या आकड्याबद्दल सांगायचं तर आधी पानांबद्दल सांगावं लागतं, पानांबद्दल सांगायचं तर बाबांबद्दल, आणि तिथवर आलं की आजही माझं डोकं तापतं. साठी उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टर म्हणतात जुन्या गोष्टी उगाळू नका. उगाळणं थांबवता आलं असतं तर त्यांचं ऐकलं असतं. तेव्हा आता एकदा लिहूनच टाकते, आणि एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग कशाला असं कुणाला वाटलं तर त्याने ही पानं खुशाल उलटून पुढे जावं.

माकुणसार गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमची वाडी होती. केळी, थोडे चिकू, आणि पांगाऱ्यांवर चढवलेल्या पानवेली. विड्याची पानं हाच आमचा खरा धंदा. सकाळी विहिरीवरच्या इंजिनाची फटफट सुरू झाली की घर जागं व्हायचं आणि ती बंद झाली की घरात एकदम कुणीतरी गेल्यासारखं सुनं वाटायचं. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर नुसती सुकट कांद्यावर परतलेली, एवढं खाऊन झालं की ओटीवर ओलं गोणपाट अंथरलं जायचं आणि त्यावर खुडलेली पानं ओतली जायची. त्या पानांचा हिरवा, तिखटसर वास माझ्या लहानपणीच्या सगळ्या दुपारींना आहे. आई डागी पानं बाजूला काढायची, मी देठ सारखे करायची, आणि बाबा मोजायचे. मोजणं हे काम घरात त्यांचंच. अंगठ्याने पाच-पाच पानं अशी सरकवायचे की नुसती सळसळ ऐकू यायची, आणि तोंडाने शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा चालू असायच्या. मोजणी कधी चुकली नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. गावात कुणाचा हिशेब अडला की लोक आमच्या ओटीवर येऊन बसत.

मोजणीचा आमच्या घरात एक नियम होता. जुड्या सगळ्या सारख्या व्हायला हव्यात, एकीत एक जास्त आणि दुसरीत एक कमी असं चालणार नाही. सारख्या जुड्या बांधून जी पानं उरतील ती करंड्यात जायची नाहीत, ती मोजणाऱ्यापुढे ठेवायची. उरलं ते मोजणाऱ्याचं. त्याने ती खावीत, फेकावीत, पण त्याने मोजलं आणि एवढं उरलं हे चारचौघांत दिसायला हवं. बाबांच्या आजोबांपासूनचा हा नियम म्हणे. बाबा ती उरलेली एक-दोन पानं चुना लावून तोंडात टाकायचे आणि पुढचा ढीग ओढायचे.

मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हा त्यांनी मला डागी पानांचे छोटे ढीग खेळायला दिले. म्हणाले, सारख्या रांगा लाव. बारा पानांच्या रांगा झटकन लागल्या. पंधराच्याही. मग एकोणीस पानांशी मी पूर्ण दुपार झगडले. दोन-दोनच्या लावल्या, एक उरलं. तीन-तीनच्या, एक उरलं. चार-चारच्या लावल्या तर तीन उरली. रडकुंडीला आले तेव्हा बाबा हसले. म्हणाले, "तो अडेल हाय. त्याला कसा पन मांड, सरळ नाय बसनार. असे असतात काय काय. त्यांच्याशी भांडू नको, वळखून ठेव." शाळेत पुढे त्याला मूळ संख्या म्हणतात असं शिकवलं, एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय जिला कुणीच भागू शकत नाही अशी संख्या. मला ते नाव कधी आवडलं नाही. अडेल हेच बरोबर होतं, आणि ते मला बाबांनी शिकवलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ इथे आहे.

नववीच्या उन्हाळ्यात मला एक खेळ सापडला. एक अडेल आकडा घ्यायचा आणि त्याच्या उजव्या टोकाला एकेक आकडा असा जोडत जायचा की दर वेळी नवी संख्याही अडेलच राहील. पानवेल अशीच शेंड्याकडून वाढते, आणि कुठल्याही पेरावर खुडली तरी खालची वेल जिवंतच असते. बहुतेक वेली चार-पाच आकड्यांवर वाळायच्या. काही जोडा, कुणीतरी भागून जायचंच. पण सातापासून निघालेली एक वेल वाळेना. सात. त्र्याहत्तर. सातशे एकोणचाळीस. मग ७३९३, मग ७३९३९, मग ७३९३९१, मग ७३९३९१३. प्रत्येक अडेल. आणि शेवटी ७३९३९१३३.

लहान आकड्यांना कुणी भागत नाही हे ठरवणं सोपं, पण सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस या संख्येला कुणीच भागत नाही हे कसं म्हणणार? त्याला एकच वाट. दोनपासून सुरुवात करून ८५९८ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून बघायचं. त्यापुढे जायची गरज नाही, कारण मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार लहान असणार आणि तो आधीच सापडला असता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पानांच्या रांगा लावताना आपोआप कळलं होतं. अशा मूळ संख्या हजाराहून थोड्या जास्त भरतात. आधी त्यांची यादी करायची, मग तितके भागाकार. कागद मामाने पुरवले. माझा मामा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात पहारेकरी होता. तिथले टाकून दिलेले पाठकोरे कागद तो गठ्ठ्याने आणायचा. त्या कागदांना औषधी, नाक झोंबणारा वास यायचा आणि माझ्या हातांना पानांचा. सकाळी शाळेआधी चार भागाकार, दुपारी पानं झाल्यावर दहा-बारा. पावसाळा गेला, भात कापून झालं, दिवाळी झाली. आई म्हणायची, "किती लिवशील गो, डोले जातील." पण चिमणीत तेल तीच भरून ठेवायची.

शेवटचा भागाकार मला अजून पाठ आहे. ८५९७ ने भागायचं. भाग गेला ८६०० वेळा आणि बाकी उरली ४९३३. मी पेन खाली ठेवलं आणि ओटीवर जाऊन बाबांना म्हटलं, "अडेल आहे." बाबांनी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो स्वतःशी दोनदा म्हटला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे मी त्याला नववा आकडाही जोडून पाहिला. सम आकडा आणि पाच चालतच नाहीत. एक किंवा सात जोडला तर तीनने भाग जातो. उरले तीन आणि नऊ. त्यांचेही भाजक निघाले. वेल तिथे थांबली होती. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की अशी याहून मोठी वेल मुळी नाहीच, सगळ्या वेलींत हीच सर्वांत मोठी. माकुणसारच्या ओटीवर बसलेल्या मला ते ठाऊक नव्हतं, पण माझी वेल खरी आहे एवढं ठाऊक होतं.

दहावीनंतर माझं काय करायचं हा घरात तेव्हा रोजचा विषय होता. मला पालघरला कॉलेजात जाऊन सायन्स घ्यायचं होतं. आत्या म्हणायची, पोरीला रोज पालघरला कशाला धाडायची, पानं मोजायला कॉलेज लागतं काय. बाबांनी मधला मार्ग काढला. बोईसरला तालुक्याचं गणित-विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिथून निवडलेली मुलं जिल्ह्याला जायची. ते म्हणाले, "तुजा आकडा जिल्ह्याला गेला तर तू पालघरला जाशील. नाय गेला तर घरात बसायचा. माजा शबूद." बाबांचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ. मला काळजी वाटली नाही. बाकी काहीही चुकेल, भागाकार चुकणार नव्हते.

आमच्या शाळेत गणिताला राऊत सर होते. वाईट माणूस नव्हता, हे मी दात-ओठ खाऊन लिहिते आहे. फळा सुंदर लिहायचे, पोरांना मारायचे नाहीत. पण माझ्या आकड्यात त्यांना रस नव्हता. त्यांचं म्हणणं, पुठ्ठ्याची घनाकृती कर, रंगीत कागद लाव, परीक्षकांना दिसायला काहीतरी हवं. मी ऐकलं नाही. मोठ्या कागदावर वेल काढली, एकेका पेरावर एकेक संख्या लिहिली, शेंड्याला ७३९३९१३३, आणि बाजूला भागाकारांची यादी लावली: भाजक, बाकी, भाजक, बाकी. दोनने भागून बाकी एक, तीनने बाकी दोन, पाचने बाकी तीन, सातने बाकी दोन. बाकीचे गठ्ठे टेबलावर. सरांनी ते सगळं पाहून "बरं" म्हटलं. पूर्ण यादीत त्यांनी एकही भागाकार करून पाहिला नाही.

बोईसरला बाबा माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर माझा गुंडाळलेला कागद. शाळेच्या हॉलमध्ये रांगेने टेबलं, कुठे ज्वालामुखी, कुठे पाण्याची चक्की. दुपारी परीक्षक आले. दोघे कुठल्या तरी शाळांचे होते, त्यांना घाई होती. तिसरे वसाहतीतल्या कारखान्याचे इंजिनीअर, हिंदी बोलणारे, भरदार मिशांचे. त्यांनी वेलीकडे पाहिलं आणि खरंच रस घेऊन विचारलं, "ये आखरी वाला भी प्राइम है? पक्का?" मी हो म्हटलं. त्यांनी यादीकडे हात नेला, आणि त्या क्षणी राऊत सर पुढे सरसावले.

त्यांच्या खिशात गणकयंत्र होतं. आज मी राहते त्या मनोरच्या बाजारात भाजीवालीकडेही असतं, तेव्हा ते आमच्या शाळेत कुणी पाहिलंही नव्हतं. सरांच्या मेहुण्याने मुंबईहून पाठवलेलं, चामड्याच्या पाकिटात, तांबडे आकडे उजळणारं. ते दाखवायची संधी सरांना हवी होती असं मला वाटतं. ते म्हणाले, "आत्ता पडताळून देतो, साहेब." आकडा टाकला. दोन आणि पाचने जाणार नाही हे उघडच होतं, तीनचा नियम सगळ्यांना माहीत. म्हणून त्यांनी सातने भागलं. पडद्यावर आलं १०५६२७३३. पुढे काही नाही. अपूर्णांक नाही, काही नाही. सरांनी ते इंजिनीअरांपुढे धरलं. मग माझ्यापुढे.

"सातने भाग जातो," सर म्हणाले. "निःशेष."

मी यादीवर बोट ठेवलं. "सर, बाकी दोन आहे. इथे लिहिलंय."

"हाताची चूक असेल."

"सर, तुम्ही गुणून बघा."

"यंत्र चुकतं असं म्हणायचंय तुला?"

इंजिनीअर हसले, दुष्टपणाने नव्हे, लहान मूल पडल्यावर हसतात तसे. "अरे बेटा, ये तो कट गया," म्हणाले आणि ज्वालामुखीकडे वळले. त्यांच्यामागे बाकीचे दोघे. सरांनी मला त्यांची लाल पेन्सिल दिली आणि शेंड्यावरच्या आकड्यावर काट मारायला लावली, म्हणजे शाळेच्या नावावर चुकीची माहिती लटकत राहायला नको. मी काट मारली. आज हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. त्या यंत्राला आठच घरं होती. उत्तराचे आठ आकडे बसले की पुढचं सगळं ते गिळून टाकायचं. दशांश चिन्हापुढचे अठ्ठावीस-सत्तावन्न त्याला दाखवता येत नव्हते एवढंच. सर गणिताचे शिक्षक होते आणि आपल्या खिशातली वस्तू काय करते हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी, सहा महिने भागाकार केलेली मुलगी, त्या तांबड्या आकड्यांपुढे हबकले. मला क्षणभर वाटलं की सातचा भागाकार मीच चुकले असेन, अगदी चौथाच, आणि त्यानंतरचे हजार फुकट. पुढे तीस वर्षं मी मनोरच्या शाळेत गणित शिकवलं. माझ्या वर्गात कुणीही मुलगी "गुणून बघा" म्हणाली की मी हातातलं सगळं टाकून गुणत असे, मग ती चूक असो की बरोबर.

बाबा हे सगळं टेबलाच्या टोकाशी उभे राहून बघत होते. यंत्र माझ्यापुढे आलं तेव्हा त्यांनीही वाकून पाहिलं होतं. त्यांचे ओठ हलले, पानं मोजताना हलायचे तसे. मग त्यांनी खाली पाहिलं आणि टोपी सारखी केली.

परतताना आम्ही एसटीच्या थांब्याशेजारी उसाच्या रसाच्या गाडीवर उभे होतो. बाबांनी दोन ग्लास सांगितले होते. मला नको होता, पण त्यांनी ग्लास हातात दिला म्हणून धरला. मी म्हटलं, "बाबा, सातचा माझा भागाकार चुकला असेल का?"

"नाय," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"दोन उरतात." ते रसाकडे बघत बोलत होते. "सात त्रिक एकवीस. त्या मशिनीचा आकडा तिनावर संपत व्हता. त्याला सातानं गुनला तर शेवटाला एक येल. तुज्या आकड्याच्या शेवटाला तीन हाय. म्हंजे दोन उरले."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. सात त्रिक एकवीस. पूर्ण गुणाकाराचीही गरज नव्हती, नुसता शेवटचा आकडा पुरेसा होता. दुसरीतल्या पोराला कळेल इतकं ते सोपं होतं, आणि ते बाबांना तिथेच, त्या टेबलाशी, यंत्राकडे एकदा पाहून कळलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मास्तरला चार मानसांत खोटा पाडायचा?" बाबा म्हणाले. "तुजा धाकला भाव त्याच शाळेत हाय अजून. मोठे सायब व्हते. आपन पानं इकनारे. बोलून शोभला असता काय?"

"आणि मी काट मारली ते शोभलं?"

त्यांनी रस संपवला आणि ग्लास धुवायच्या बादलीत बुडवला. "झाला ता झाला," म्हणाले.

मी माझा ग्लास रस्त्यावर ओतला. पूर्ण. रसवाला ओरडला, बाबांनी त्याची समजूत काढली. एसटीत मी त्यांच्याशेजारी बसले नाही. राऊत सरांचा मला राग होता, पण तो अडाण्याचा येतो तसा राग. बाबांचा राग वेगळा होता. त्यांना येत होतं. ज्या माणसाने मला अडेल म्हणजे काय ते शिकवलं, तो माझ्या अडेलाला लोक फासावर देत असताना मूग गिळून उभा राहिला, आणि का, तर मास्तरांचा चेहरा पडू नये म्हणून. माझा चेहरा पडलेला चालत होता.

दुसऱ्या दिवशी मी गुणाकार कागदावर मांडून राऊत सरांकडे गेले. त्यांनी तो पाहिला. मग यंत्र काढून काहीतरी केलं, परत पाकिटात घातलं आणि म्हणाले, "यंत्राची मर्यादा आहे खरी." मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, "आता निकाल लागला, शैला. जिल्ह्याची नावं गेली." शाळेच्या फळ्यावर तरी लिहा म्हटलं. ते म्हणाले, बघू. फळ्यावर काही आलं नाही. जिल्ह्याला पाण्याची चक्की गेली.

आणि घरी बाबा म्हणाले, आकडा जिल्ह्याला गेला नाय. शबूद तो शबूद.

आई हे ऐकत होती. माझी आई बोलणारी बाईच नव्हती. आत्या तिला मुकी म्हैस म्हणायची. तिने फक्त मला विचारलं, "बोईसरला काय झाला ता परत सांग." मी सांगितलं, रसाच्या गाडीवरचंही. "दोन उरतात, असा बोलले?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. त्या दुपारी बाबा जेवायला बसले तेव्हा आईने भाकरी वाढली, बिरडं वाढलं, आणि ताटाच्या उजव्या बाजूला, लोणच्याच्या जागी, विड्याची दोन पानं ठेवली. कोरी. चुना नाही, सुपारी नाही.

"ही कशाला?" बाबांनी विचारलं.

"उरली," आई म्हणाली. "उरलं ता मोजनाऱ्याचा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पानं उचलली आणि खाल्ली. संध्याकाळी परत दोन. दुसऱ्या दिवशी दोन वेळा दोन. पाहुणे असले तरी दोन. आत्या आली तेव्हा तिने विचारलं, ही काय नवी रीत, तेव्हा आई म्हणाली, तुमच्या भावाला विचारा. बाबांनी दोन्ही पानं तिच्यादेखत खाल्ली. त्यांनी एकदाही ताट सरकवलं नाही, एकदाही रागावले नाहीत, आणि एकदाही हरलो म्हणाले नाहीत. माझी परीक्षा झाली, उन्हाळा झाला, पानवेलींवर नवी माती चढवून झाली, आणि ताटात रोज दोन पानं. मी त्या काळात त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. ओटीवर पानं लावायला बसायची, पण देठ सारखे करून ढीग त्यांच्याकडे ढकलायची, हातात द्यायची नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल." मी विचारलं, कुठे? "पालघरला. फारम भरायचाय." एसटीने कॉलेजात पोचलो. खिडकीवरच्या कारकुनाने शाखा विचारली तेव्हा बाबाच बोलले, "सायन." त्या संध्याकाळी आईने ताटात पानं ठेवली नाहीत. लोकांना वाटतं इथे गोष्ट संपली. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटतं. शिकलीस ना, नोकरी लागली ना, मग आता काय? त्यांना मी दर वेळी सांगते की आईने मला कॉलेजात घातलं. बाबांनी फक्त फॉर्म भरला. जे बोलायचं होतं ते ते बोललेच नाहीत, हॉलमध्येही नाही, घरीही नाही.

आई गेल्यानंतर बाबा बारा वर्षं जगले. शेवटी शेवटी दात गेले होते, पानं खाणं सुटलं होतं. वाडीत चिकूच उरले होते आणि विहिरीजवळ एक पानवेल, सवयीची म्हणून ठेवलेली. मी मनोरहून दर रविवारी जायची. एका रविवारी मी त्यांना फोन दाखवला. त्यात आकडा टाकला की मूळ आहे की नाही ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. मी ७३९३९१३३ टाकला आणि उत्तर त्यांना वाचून दाखवलं. का दाखवलं कुणास ठाऊक. बहुतेक हरलो म्हणतील म्हणून.

"मला म्हाईत व्हता," ते म्हणाले.

"तेच तर म्हणते मी," मी म्हटलं. "चाळीस वर्षं तेच म्हणते आहे."

त्यांनी विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला पन सात त्रिक म्हाईत व्हता. तू का नाय बोलली?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर ओरडू नये म्हणून मी उठले, विहिरीकडे गेले आणि वेलीची दोन पानं खुडून आणली. त्यांच्या पुढ्यात, चहाच्या बशीशेजारी ठेवली. त्यांना ओळखू आली. त्यांनी अंगठ्याने एक पान सरकवलं, अगदी पूर्वीसारखं, गोणपाटावरून सरकवायचे तसं, आणि ते माझ्या बाजूला आणून थांबवलं.

"यक तुजा," ते म्हणाले.

"मी पंधरा वर्षांची होते, बाबा," मी म्हटलं, आणि ते पान परत त्यांच्याकडे सरकवलं. "दोन्ही तुमचीच."